बुडाले हात नोका लावू

आमच्याकडे बर्फ म्हणजे भुशात गुंडाळलेली लादी. लग्नात मठ्ठ्यात टाकायची, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवर घासायची. दिग्रसच्या उन्हात ती घरी पोचेपर्यंत अर्धीअधिक गळून जाते. म्हणून फौजेत असताना डोंगरातल्या पहिल्या हिवाळ्यात मी घरी फोन लावला आणि बायकोला सांगितलं, की इकडे कमरेएवढा बर्फ पडला, तेव्हा ते काही केल्या तिच्या डोळ्यांपुढे येईना.

"लाद्या पडते का वरतून?" तिनं विचारलं. "डोक्यात नाही बसत?"

"अवं, लादी नाही. पांढरं रायते, मऊ, भुसभुशीत. तुमच्या जिनिंगमंधी कापसाची गंजी रायते ना, तशा गंज्याच गंज्या. सारा डोंगरच गंजी समज."

ती म्हणाली, "मंग बुडाले हात नोका लावू."

आता हे तिचं बोलणं कळायला जिनिंगचं अंगण माहीत पाहिजे. आमच्या गावापासून दोन कोसांवर एक जिनिंग आहे. दिवाळीनंतर तिथे गाड्यांनी कापूस येतो आणि उघड्या अंगणात त्याचा ढीग लागतो, दोन मजली घराएवढा. तीच गंजी. गंजीतला कापूस बायका टोपल्यांनी उचलतात आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांकडे, म्हणजे रेच्यांकडे नेतात. कापूस एकमेकांना धरून असतो, त्यामुळे खालून ओढत गेलं की बुडाशी पोकळी होते आणि वरचा भाग तसाच पुढे लोंबत राहतो. किती वेळ राहील ते त्याच्या मर्जीवर. लग्न झाल्यापासून बायको दर हंगामात हेच काम करायची. त्या बायकांच्या बोलण्यात गंजी पडत नाही, कोसळत नाही. गंजी येते. "मागच्या साली गंजी आलती," असं त्या पाहुणा आल्यासारखं सांगतात.

मी फोनवर खो खो हसलो. बराकीत सगळ्यांना ही गोष्ट रंगवून सांगितली. पुढे महिनाभर कोणी फावडं हातात घेतलं, की बाकीचे ओरडायचे, भाभीचा हुकूम आहे, बुडाला हात लावू नका. सगळ्यात मोठ्यानं ओरडायचा तो माझा दोस्त. माझ्या शेजारी त्याची खाट. लोणच्याची बरणी दोघांत एक, आणि ती कोणाच्या घरून आली यावर रोज भांडण.

आमच्या तळाच्या खाली एक गाव होतं, पंचवीस-तीस घरांचं. सपाट धाबी, धाब्यांवर गवताचे भारे आणि लाकडं रचलेली. सकाळी उठून पहिलं काम धाब्यावरचा बर्फ खाली ढकलणं. आपल्याकडे बायका सडा घालतात, तसं तिकडे प्रत्येक घरातून कोणीतरी लाकडी पावडं घेऊन धाब्यावर चढलेलं दिसायचं. गावाच्या डोक्यावर झाडांचा एक पट्टा होता. त्यातली काडीसुद्धा कोणी तोडत नसे, थंडीनं दात वाजत असले तरी. वरून बर्फ सुटला तर ती झाडं त्याला अडवतात, हे शेंबड्या पोराला माहीत होतं.

या गावातला एक म्हातारा आमचं सामान खेचरांवर लादून आणायचा. बर्फाचं जे काही मला कळतं ते त्याच्याकडून. नवा बर्फ पडला, की तो उतारावर दोन पावलं टाकायचा, थांबायचा, पायाखालचा आवाज ऐकायचा आणि परत फिरायचा. जुना बर्फ उन्हानं आणि थंडीनं कडक झालेला असतो. त्यावर नवा पडला, की दोघांचं लगेच जमत नाही. सासू-सुनेसारखं, म्हणायचा तो, त्यांना तीन दिवस द्यावे. त्या तीन दिवसांत तो घराबाहेर पडत नसे. ठरलेलं लग्न असो नाहीतर डॉक्टरकडे जायचं असो, गाव थांबायचं. मला याचा भारी राग यायचा. आपल्या मातीत वाढलेल्या माणसाला थांबणं म्हणजे आळस वाटतो. आभाळ स्वच्छ, ऊन पडलंय, आणि हा बाबा चुलीपाशी बसून लोकर काततोय!

उतार ओलांडायचा असेल तर आम्ही कमरेला लाल दोरी बांधायचो, पंधरा-वीस हात लांब, आणि मागे सुटी सोडायचो. माणूस दबला तरी दोरी हलकी, ती वर राहते. दोरी धरून जायचं, माणूस सापडतो. एवढी साधी युक्ती.

दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या पाण्याकडे जाणारी वाट बुजली. तळापासून हाकेच्या अंतरावर. वाटेच्या वरचा उतारही लहानसा, त्याला कोणी उतार म्हणत नसे. मी नायक होतो, माझ्या हाताखाली चार जण, त्यांत माझा दोस्तही. म्हातारा दारात उभा होता. त्यानं दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन दिवस थांबा. मी त्याला हात हलवून रामराम केला आणि पुढे गेलो. दोऱ्या घेतल्या नाहीत. हाकेच्या अंतरावर जायला कसल्या दोऱ्या, असं मीच म्हणालो.

आम्ही वाट मोकळी केली. एवढ्यावर थांबलो असतो तर चाललं असतं. पण माझ्यात काम नीटनेटकं करायची खोड आहे. वाट अरुंद वाटली, म्हणून मी उताराचा पाया कापायला लावला. छातीएवढी सरळ भिंत निघाली, ओळंबा लावल्यासारखी. मी मागे सरकून ती पाहिली आणि मला बरं वाटलं. हे मी लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे. तेव्हा एक आवाज झाला. फार मोठा नाही. जाडजूड माणूस कापसाच्या गादीवर धपकन बसला तर होईल तेवढा. आणि ती आली.

आम्ही चौघं बाहेर फेकले गेलो. दोस्त नाही. फावड्यांचे दांडे खुपसून आम्ही शोधत राहिलो, इथे, तिथे, पुन्हा इथे. गाव धावत आलं, म्हातारा सगळ्यांच्या पुढे. सापडला तेव्हा तो माझ्यापासून पाच-सहा हातांवर होता. पण फार वेळ झाला होता.

सगळे म्हणाले, बर्फापुढे कोणाचं चालतं. मीही तेच म्हणालो. फोनवर बायकोला सांगितलं, "एक दोस्त गेला. डोंगरावरून बर्फ आला." ती रडली. कसा आला, ते तिनं विचारलं नाही, आणि मी तर सांगणारच नव्हतो.

पुढे निवृत्त होऊन घरी आलो. दर सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत मला बोलावतात. मी बर्फाची गोष्ट सांगतो, पोरं टाळ्या वाजवतात. त्या गोष्टीत दोस्त असतो, डोंगर असतो, थंडी असते. फावडी नसतात.

याच जिनिंगच्या फाटकावर मला पहारेकऱ्याचं काम मिळालं. खाकी शर्ट, शिटी, एक वही. बायको तोवर बायकांच्या टोळीची पुढारी झाली होती. तिच्या शब्दाशिवाय टोपलं हलत नसे. हंगामात पहिल्यांदाच मी ते अंगण आतून पाहिलं, आणि पाहतो तर काय, ही बाई गंजीच्या बुडाशी वाकून दोन्ही हातांनी कापूस ओढून राहिलेली! जिनं मला हजार कोसांवर हुकूम सोडला होता, तीच. संध्याकाळी घरी मी तिच्यावर तडकलो.

"तुलेच तं ठाऊक हाये ना? मंग कायले बुडातून काढतं?"

"ठाऊक हाये जी," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "ठाऊक असून काय करावं? वरतून काढाले चढा लागते, वेळ जाते. मुकादम बोंबलते. अन् रोज थोडीच येते गंजी?"

रोज येत नाही. म्हातारा असता तर त्यानं यावर फक्त लोकर कातली असती. मला तेवढा संयम नाही. मी दोन दिवस तिच्याशी वाद घातला, मग गप्प बसलो, आणि असे दोन हंगाम गेले.

यंदा डिसेंबरात अवकाळी आला. ताडपत्र्या उशिरा चढल्या. गंजीचा वरचा थर भिजला, मग कडक ऊन पडलं आणि त्यावर पापडासारखी खपली धरली. त्या खपलीवर नव्या गाड्यांचा कोरडा कापूस येऊन पडला. मालाला आतून वाफ धरायच्या आधी खालचा कोरडा माल काढून घ्या, असं मुकादमानं सांगितलं, आणि बायका बुडाशी लागल्या. तीन दिवसांत पोकळी एवढी झाली, की आत चार जणी उभ्या राहाव्यात. मी फाटकातून पाहिलं. वर भुसभुशीत, मध्ये कडक, खाली कापलेलं. हे मी आधी पाहिलेलं होतं. फक्त तेव्हा थंडी जास्त होती.

मुकादमाकडे गेलो. माणूस वाईट नाही, पण त्याला घाई फार.

"फौजी, तुमी गेट पाहा," तो म्हणाला. "हा काही बर्फ नोहे, कापूस हाये. कापसानं का माणूस मरते?"

मग मी बाजारातून लाल नायलॉनची दोरी आणली, तिचे लांब लांब तुकडे केले आणि जेवणाच्या सुट्टीत बायकांपुढे ठेवले. कमरेला बांधा, मागे सुटी सोडा, म्हणून समजावून सांगितलं. त्या हसून हसून लोळल्या. एक म्हणाली, "बर्फवाले भाऊजी, आमाले शेपट्या लावून राह्यले का?" दुसरीनं एक दोरी उचलून अंगणातल्या कुत्र्याच्या गळ्यात बांधली, आणि ते कुत्रं पंधरा हात लाल दोरी ओढत दिवसभर जिनिंगभर हिंडलं. मुकादमालासुद्धा हसू आवरेना. एकच बाई हसली नाही.

"चारचौघात माहं हसं करून राह्यले तुमी," घरी येताना ती म्हणाली. "उद्या काही बोलसान तं पाहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात धुकं होतं. गंजीचा वरचा भाग पुढे आलेला, त्याच्या कडेला एक बारीक रेघ पडलेली, आदल्या दिवशी नव्हती. बायको टोपलं घेऊन आली, इकडे तिकडे न बघता सरळ त्या पोकळीकडे निघाली. मी फाटक सोडलं. लांब शिटी मारली आणि तिच्या नि गंजीच्या मधे जाऊन उभा राहिलो.

"बाजूले व्हा," ती म्हणाली.

"नाही होत."

"लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे."

मुकादम ओरडत आला, की फाटक कोणाच्या बापाच्या भरवशावर सोडलं. बायका गोळा झाल्या. बायकोचे कान लाल झाले होते. "काहून पण? काय झालं तरी काय तुमाले?" ती म्हणाली, आणि मला कळलं, की आता शाळेतली गोष्ट सांगून भागणार नाही. ही बाई बर्फाच्या गोष्टीला हटणार नाही. तिला खरंच सांगावं लागेल, आणि एकटीला नाही, सगळ्यांपुढे, कारण मी आडवा उभा आहे तोही सगळ्यांपुढे.

"तू मले फोनवर सांगितलं होतं," मी म्हणालो. "बुडाले हात नोका लावू. मी हासलो. साऱ्या बराकीले सांगून हासलो. मंग दुसऱ्या साली मीच बूड कापाले लावलं. मी. एका म्हाताऱ्यानं नाही म्हटलं, तरी लावलं. दोऱ्याबी नाही बांधू देल्या. तवा आला थो बर्फ. माहा दोस्त माह्या हुकमानं मेला. आतापावतर कोनाले सांगितलं नाही. तुलेबी नाही."

माझा आवाज कसा लागला ते मला माहीत नाही. रेचे सुरू होते, तरी सगळ्यांना ऐकू गेलं असावं, कारण कोणी हललं नाही. मुकादमानं डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. मी बायकोच्या तोंडाकडे पाहत होतो. तिथे दया नव्हती. राग होता की काय होतं, मला सांगता येणार नाही. तिनं टोपलं खाली ठेवलं. कुत्र्याला यूऽ यूऽ करून बोलावलं, त्याच्या गळ्यातली दोरी सोडली, आपल्या कमरेला दोन फेरे घालून पक्की गाठ मारली. मग बांबूची शिडी ओढून गंजीच्या मागच्या अंगाला लावली आणि चढली.

"आज रेचे बंद पडतीन," मुकादम खालून म्हणाला.

"पडू द्या," वरून आवाज आला. "आधी पुढचं लोंबतं अंग उतरवा लागन."

बायकांनी एकेक दोरी उचलली.

त्या दिवसापासून गंजी वरून उतरू लागली. काम सावकाश व्हायचं. टोपली वरून मागच्या बाजूला घसरवायची, खाली दुसरीनं उचलायची. मुकादम पहिल्या दिवशी बडबडला, दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः आणखी एक शिडी आणून लावली. मी एक लांब बांबू तासून गोल केला, टोक बोथट केलं आणि फाटकापाशी उभा करून ठेवला. ढिगात खुपसून माणूस शोधायची वेळ आली, तर असावा म्हणून.

पण बायको माझ्याशी बोलेना. ताट वाढायची, पाणी ठेवायची, तोंडातून शब्द नाही. मी खुलासा करायला गेलो, तर ती उठून अंगणात जायची. ती माझ्याकडे नवीन माणसाकडे पाहावं तशी पाहायची. मी मनाशी म्हणालो, की तिचं बरोबरच आहे. इतकी वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला, त्यानं एवढी गोष्ट पोटात ठेवली. तिनं आता कधीच बोलू नये, मला चालेल, पण वर राहावं. एवढं एकच मागणं होतं. तिनं वरच राहावं.

तिसऱ्या दिवशी दुपारचं जेवण आटोपलं, बायका चढल्या. लोंबतं अंग निम्मं उतरलं होतं. मी एका गाडीचा नंबर वहीत लिहीत होतो. तेव्हा तो आवाज झाला. तोच. गादीवर धपकन बसल्याचा.

वही कुठे पडली मला आठवत नाही. बांबू घेऊन धावलो. गंजी आली होती. मागच्या अंगाला असलेल्या दोघी तिकडेच घसरून सुखरूप उतरल्या आणि तिथून किंचाळत होत्या. पुढचं अर्धं अंग अंगणभर पसरलं होतं, आणि बायको त्याच अंगावर होती. कापसाची धूळ एवढी, की समोरचं दिसेना. गडी पावडी घेऊन आले आणि ढिगाच्या बुडाशी भिडले.

"बुडाले हात नोका लावू!" मी ओरडलो. असा ओरडलो, की पावडी हवेतच थांबली. अजून अर्धी गंजी वर उभी होती.

धूळ थोडी खाली बसली आणि मला दोरी दिसली. पांढऱ्यावर लाल, वीतभर. मी बांबू फेकला, पोटावर पडून त्या कापसावर सरपटलो, दोरीचं टोक धरलं आणि हात हात करत पुढे गेलो. ओढायची नाही, नुसती धरून जायचं, हे माझ्या हातांना ठाऊक होतं. दोरी कापसात शिरली. मी कोपरापर्यंत हात घातला. दोरी ताठ होती. तोंडानं मी काय म्हणत होतो ते नंतर बायकांनी सांगितलं. मी दोस्ताचं नाव घेत होतो.

मग दोरी हातात एकदम सैल झाली. दोन हातांवर कापूस हलला आणि त्यातून ती उठून बसली. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. कमरेपर्यंत कापसात. तिनं तोंडातला कापूस थुंकला, खोकली, पुन्हा थुंकली, आणि समोर मी दिसलो, दोरी छातीशी धरून रडणारा.

"रडता कायले?" तीन दिवसांनी ती माझ्याशी बोलली. "वरतून आली ना मी."

मी गुडघ्यांवर तिच्याजवळ गेलो आणि तिच्या कमरेची गाठ सोडायला लागलो. गाठ सुटत नव्हती. तिनं माझा हात धरला, क्षणभर तसाच धरून ठेवला आणि मग बाजूला केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "अर्धी गंजी बाकी हाये."